इंदूचा फोटो

आमच्या घरात भाताला हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या औषधाचा, वास येतो, अशी आईची जन्मभर तक्रार होती. तो खरोखर यायचा की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्याच वासात वाढले आणि आपल्या घराचा वास आपल्याला येत नसतो. बाबा दवनीवाड्याच्या शाळेत मास्तर होते. घर मातीचं, वर कवेलू, पुढे पडवी, मागे विहीर आणि स्वयंपाकघराला लागून एक अंधारी खोली. त्या खोलीत पूर्वी धानाची कोठी होती. कोठी पडवीत आली आणि तिच्या जागी बाबांच्या बाटल्या, तबकं, लाल बल्ब आणि बिस्किटाच्या मोठ्या डब्यापासून त्यांनी स्वतः ठोकून बनवलेलं एन्लार्जर गेलं. आई पडवीत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. तेंदूची पानं कापताना तिच्या कात्रीचा आवाज, गावच्या राईस मिलची दिवसभराची धडधड आणि आतल्या खोलीतून बाबांचं तोंडानं सेकंद मोजणं, एक-दोन-तीन-चार, हे तिन्ही आवाज मला आजही वेगवेगळे ऐकू येतात. बाकीचं बरंच काही विसरले. कालच गॅस बंद केला की नाही हे बघायला तीन वेळा उठले, पण ते आवाज जात नाहीत.

कॅमेरा रशियन होता. गोंदिया स्टेशनवरचे एक बंगाली तिकीट तपासनीस बदली होऊन जाताना तो बाबांना देऊन गेले होते. वजनाला विटेसारखा, चामड्याच्या खोक्यात बसणारा. त्याच्या खिडकीतून पाहिलं की मधल्या पिवळसर चौकोनात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसायच्या, एक ठळक, एक फिकट. लेन्सची कडी फिरवत ती दोन माणसं एकावर एक आणायची आणि मग बटण दाबायचं. खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेरून काहीच कळत नसे. लेन्सवर झाकण राहिलं तरी खिडकीत सगळं छान दिसायचं. बाबा म्हणायचे, "हा कॅमेरा तुले कधी सांगनार नाही का तू चुकली म्हणून. आपनच पायत रहा लागते." फोटो मोठे करायचे असले की हीच लेन्स कॅमेऱ्यातून उतरवून डब्याच्या एन्लार्जरला लावायची, कारण दुसरी आणायची ऐपत नव्हती. त्या दिवसांत कॅमेरा तोंड उघडं टाकून फळीवर पडलेला असायचा.

रंगीत रोल तोवर गोंदियात मिळू लागला होता. बाबा रोल घ्यायला गेले की दुकानदार हमखास म्हणायचा, "गुरुजी, ब्लॅक अँड व्हाइट अब कौन लेता है? कलर ले जाओ, धोने की झंझट नहीं." बाबा हसून काळा-पांढराच घ्यायचे. मी एकदा त्यांच्याकडे रंगीतचा हट्ट धरला तेव्हा त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "रंग आले का मानूस लुगडं पायते, तोंड नाही पायत." आता बहिणीच्या मुलाच्या मोबाइलमध्ये बटण दाबलं की कोणताही फोटो काळा-पांढरा होतो. तो मला कौतुकानं दाखवतो, मीही छान म्हणते. त्याला काय सांगणार, आणि आता सांगायचा कंटाळाही येतो.

सुट्टी लागली की बाबा निघायचे. लग्नाचे, बारशाचे फोटो ते काढत नसत. त्यांना गावं पाहायची असत. एसटीनं एखाद्या फाट्यावर उतरायचं, तिथून पायी चालायचं आणि ओट्यावर, बांधावर, हातपंपावर जे भेटतील त्यांचे फोटो काढायचे. पैसा घ्यायचा नाही. ज्याचा फोटो काढला त्याला वहीच्या पानाची एक चिठ्ठी द्यायची, तिच्यावर आपलं नाव आणि दवनीवाड्याचा पत्ता, आणि शब्द द्यायचा की फोटो पोचता करीन. तो शब्द ते पाळायचे. पुढच्या सुट्टीत पहिली फेरी फोटो वाटण्याची असायची. आई म्हणायची, "लोकाचे बाप सुट्टीत घरचं छप्पर शाकारतात, आमचे हे गावोगाव फुकटचे फोटू वाटत हिंडून राहिले." पण निघताना तीच भाकरी, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि तिखट-मीठ बांधून द्यायची.

सोळा वर्षांची झाले तेव्हापासून बाबा मला सोबत नेऊ लागले. त्यांच्या बोटांची पेरं आखडू लागली होती, आणि रोल भरण्याचं काम नाजूक. फिल्मची जीभ रिळाच्या खाचेत सरकवायची, दोन बाजूंच्या भोकांत दात बसले की नाही पाहायचं, मागचं झाकण लावायचं आणि मग दोनदा गुंडाळून बघायचं. गुंडाळताना डावीकडची चकती उलटी फिरली तर फिल्म धरली. फिरली नाही तर कॅमेरा रिकामाच चालला आहे असं समजायचं. फोटोंचा आकडा मात्र तरीही एक-एक करत पुढे जातोच. हे काम बाबांनी माझ्यावर सोपवलं याचा मला केवढा तोरा होता. मैत्रिणी शिवणक्लासला जायच्या आणि मी "आमच्याकडे रोल भरायचाय" म्हणून मिरवायची. गर्वाचं घर खाली म्हणतात, माझं जरा जास्तच खाली गेलं.

एकोणिसाव्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही नवेगाव बांधाला गेलो. धान कापणीला आलं होतं. कोहमाऱ्याला बस बदलली, गावात उतरलो आणि तलावाच्या कडेनं मासे मारणाऱ्या ढिवरांच्या वस्तीकडे चालत गेलो. पाण्यावर धुकं होतं, डोंगे परत येत होते, आणि बाबांचा पहिला रोल तिथेच जवळजवळ संपला. वस्तीत शिरताच पहिलं घर कौतिकाबाईचं. चाळिशी ओलांडलेली, विधवा, जाळं विणण्यात हात इतके सराईत की बोलताना त्यांच्याकडे बघायचीही नाही. तिची लेक इंदू बाळंतपणाला आली होती आणि परत गेलीच नव्हती, कारण जावई वीटभट्टीवर म्हणून गेला तो दुसरी बायको करून तिकडेच राहिला होता. हे सगळं कौतिकाबाईनं आम्ही चटईवर टेकायच्या आत सांगून टाकलं. इंदू माझ्याच वयाची, माझ्याच बांध्याची. मांडीवर तीन महिन्यांची मुलगी.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. उकडलेले शिंगाडे, मग गरम भात आणि मासोळीचा लालभडक रस्सा. मी तीनदा भात घेतला. इंदू माझी टिंगल करत होती, "मास्तरची पोरगी होऊन कशी मासोया खाते पा, काटेबी सोडत नाही." जेवण झाल्यावर मी बाबांना म्हटलं, एक माझा पण काढा ना. रोलचा शेवटचा फोटो उरला होता. इंदू माझ्या पाचवारीकडे बघून म्हणाली, "असा कायले काढतं? थांब, तुले ढिवरीन करून देतो." तिनं मला आत नेलं, आपलं रोजचं नऊवारी लुगडं मला कासोटा घालून नेसवलं, पदर डोक्यावरून घेतला, काखेत मासोळ्यांची टोपली दिली आणि मला बांधावर उभं केलं. बाबांनी कडी फिरवली, मला खाली पाण्याकडे पाहायला सांगितलं आणि फोटो घेतला. तो पहिल्या रोलचा छत्तिसावा फोटो.

त्यानंतर इंदूची पाळी. तिचा जन्मात एकही फोटो निघालेला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. तिनं तोंड धुतलं, केसांना तेल लावलं, पेटीतलं लग्नाचं लुगडं काढलं, आणि तोवर बाळ माझ्याकडे दिलं. मला नवा रोल भरायचा होता. बाळ रडायला लागलेलं, बाबा "आटप, ऊन डोक्यावर येऊन राहिलं" म्हणत होते, आणि मी अजून इंदूच्या लुगड्यातच, मनात एकच की त्यात मी कशी दिसले असेन. बाळ कौतिकाबाईकडे दिलं, रोल भरला, झाकण लावलं, दोनदा गुंडाळलं आणि कॅमेरा बाबांच्या हातात दिला. चकतीकडे पाहिलं नाही. बाबांनी इंदूचे आठ-दहा फोटो काढले. बाळासोबत, एकटीचा, आईच्या शेजारी. ती आधी लाजून हसत होती, मग तिला सवय झाली आणि ती सरळ कॅमेऱ्याकडे पाहू लागली. चिठ्ठी घेताना तिनं विचारलं, "गुरुजी, फोटू कधी भेटल?" बाबा म्हणाले, "संक्रांतीपर्यंत आनून देतो." उरलेला रोल त्यांनी वस्तीत संपवला.

परतीच्या बसमध्ये रोल उलटा गुंडाळायचं काम माझंच. पूर्ण रोल असला की चकती बराच वेळ फिरवावी लागते, बोट दुखून येतं, आणि शेवटी एक झटका बसून ती सैल होते. ती दोन फेऱ्यांत सैल झाली. मी आणखी फिरवून पाहिली. चकती नुसती गरागरा फिरत होती. फिल्म डबीतून बाहेर आलीच नव्हती. छत्तीस वेळा बाबांनी बटण दाबलं होतं आणि छत्तीस वेळा आत काहीच नव्हतं. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर बस थांबली तेव्हा बाबांनी चहा-भजी मागवली. ते खुशीत होते. म्हणाले, "त्या पोरीचा एकटीचा फोटू पा तू, यंदाचा सगळ्यात चांगला तोच निघते." मी भजी खाल्ली. अजूनही त्या चौकातून जाताना मला तिथल्या तेलाचा वास सहन होत नाही, आणि जिल्ह्याच्या त्या बाजूला कुठेही जायचं तर तो चौक लागतोच.

खरं तेव्हाच सांगितलं असतं तर दुसऱ्या आठवड्यात परत जाता आलं असतं. सुट्टी होती, इंदू होती, ऊन होतं. पण मी मूग गिळून बसले. घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत एकटीनं दोन्ही रोल धुतले, दुसऱ्याही रोलला डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं औषध, दिलं, उगाच, काही तरी चमत्कार होईल म्हणून. फिल्म बाहेर काढली ती पाण्यासारखी स्वच्छ. मग मी बाबांना सांगितलं की घाईत माझ्याकडून डेव्हलपरच्या आधी हायपो पडला आणि रोलवरचं सगळं पुसून गेलं. ही चूक होते, अशी चूक कोणाच्याही हातून होऊ शकते, म्हणून ती निवडली. बाबांनी ती फिल्म घेतली आणि पडवीत उजेडासमोर धरली. फिल्मच्या कडेला कंपनीनं छापलेले बारीक आकडे असतात, फोटो काढा किंवा न काढा, डेव्हलपर मिळालं की ते उमटतात. बाबा बराच वेळ त्या कडेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हायपो आंधी पडला असता तर हे आकडे आले नसते." एवढंच. रागावले नाहीत, आणखी काही विचारलं नाही, फिल्म गुंडाळून फळीवर ठेवली आणि विहिरीवर हातपाय धुवायला गेले. त्या वेळी मला वाटलं की सुटले. चोरी पकडली गेली आणि तरी शिक्षा झाली नाही, तर तिचं काय करायचं हे एकोणिसाव्या वर्षी कळत नाही. या वयातही मला ते नीट कळलंय असं नाही.

संक्रांत आली आणि गेली. बाबा एकदा म्हणाले, "उन्हाळ्यात जाऊ, परत काढू, त्यायले सांगू का खराब झाला." माझी कॉलेजची परीक्षा होती, त्यांच्या शाळेचं तपासणीचं काम होतं. पहिल्या रोलचे फोटो त्यांनी मोठे केले, त्यात माझाही. आईला तो मुळीच आवडला नाही. "मास्तरची पोरगी अन् काखेत टोपली," म्हणून तिनं तो कपाटात वह्यांखाली सारला. बाबांना मात्र तो आवडला होता. अर्धा चेहरा उन्हात, अर्धा पदराच्या सावलीत, मागे पांढरं पाणी. मी कपाट उघडून तो चोरून पाहायची आणि लगेच इंदू आठवून वह्या परत वर ठेवायची.

होळीच्या आसपासची गोष्ट. बाबा परीक्षेच्या कामानं तिरोड्याला गेले होते, चार दिवसांसाठी. दुपारी पडवीसमोर एक बाई येऊन उभी राहिली, कडेवर मूल, हातात वहीच्या पानाची चुरगळलेली चिठ्ठी. मी तिला लगेच ओळखलं नाही, इतकी ती वाळली होती. कौतिकाबाई. आईनं सूप बाजूला ठेवून तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "इंदू गेली. पुसाच्या महिन्यात. कावीळ झाली होती." गावातल्या वैद्याचं औषध, मग साकोलीचा दवाखाना, मग काही नाही. तिनं हे रडत सांगितलं नाही. थकलेल्या माणसाच्या आवाजात सांगितलं, ज्यानं ते आधीच पुष्कळ जणांना सांगून झालंय. मग म्हणाली, "गुरुजीनं तिचे फोटू काढले होते. तेवढा एक देऊन टाका. हे पोरगी मोठी होईन, इचारीन माही माय कशी होती. मी काय दाखवू? एक तरी भिंतीवर पायजे."

आई माझ्याकडे पाहू लागली. तिला दुसऱ्या रोलचं ठाऊक होतं, खराब झाला एवढंच. माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे मावशी. मोठा करायचा राहिलाय. बसा तुम्ही, मी करून देते." मी आत गेले, खोलीचं दार लावलं, फटीत गोधडी खोचली आणि लाल बल्बच्या उजेडात कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. बाहेर आई बाळाला भाताची पेज भरवत होती, वाटीला चमचा लागल्याचा आवाज येत होता. मी पहिल्या रोलची छत्तिसावी चौकट एन्लार्जरमध्ये सरकवली. लुगडं इंदूचं, टोपली इंदूची, बांध त्यांचाच. कागदावर उजेड पाडताना बाकीचा भाग हातानं झाकला आणि चेहऱ्याला तिप्पट उजेड दिला, कारण या कागदाला जितका जास्त उजेड मिळेल तितका तो काळा पडतो. तबकात फोटो उमटला तेव्हा पदराखाली काळोखच होता. कोणीही असू शकली असती. मला हुशारी वाटली. फोटो धुऊन, पुसून, चुलीजवळ वाळवून मी बाहेर आणला.

कौतिकाबाईनं तो दोन्ही हातांत धरला. आधी लुगड्यावरून बोट फिरवलं, मग टोपलीवरून. "लुगडं तर तिचंच होय," ती म्हणाली. मग फोटो उजेडाकडे वळवून बराच वेळ पाहिलं. "तोंड काऊन दिसत नाही?"

मी म्हटलं, "सावली पडली मावशी."

तिनं वर पाहिलं. माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. "हे तू होय," ती म्हणाली.

आईच्या हातातली वाटी थांबली. मी तिच्यापुढे पडवीत बसले आणि सगळं सांगितलं. चकती, बस, हायपोची थाप, पाण्यासारखी फिल्म, सगळं. आईसमोर. मला वाटलं, आता ही बाई मला शिव्या देईल, आणि द्याव्यात असंच वाटत होतं. तिनं बाळाच्या तोंडाला लागलेली पेज पदरानं पुसली. मग म्हणाली, "म्हंजे इंदूचा एकबी नाही?"

"एकही नाही."

तिनं तो फोटो माझ्यापुढे ठेवला. "मंग दुसरा काढ. तोंड दिसन असा."

मला समजेना. आई म्हणाली, "बाई, हे जिती हाये ना. जित्या पोरीचा फोटू मेलेल्या मानसाच्या नावानं भिंतीवर लावत असतात का?" आमच्या घरी बुद्धाच्या मूर्तीपलीकडे काही मानत नसत, शकुन-अपशकुन तर मुळीच नाही, पण त्या वेळी आईनं तो फोटो उचलून पालथा ठेवला. कौतिकाबाई शांतपणे म्हणाली, "तुमची पोरगी तुमच्या डोऱ्यापुढं हाये, बाई. माह्या नातीले बोट दाखवाले तोंड पायजे. काळं तोंड दाखवू का तिले?" आईनं वाटी खाली ठेवली. थोड्या वेळानं तिनं मला मानेनंच आत जा म्हणून खुणावलं. शेजारचे लोक ओळखतील, असं मी पुटपुटले तेव्हा कौतिकाबाई म्हणाली, "शेजारच्यायचं मी पायतो. त्यायले सांगन, काळ्या-पांढऱ्या फोटूत मानूस असंच येते."

मी परत आत गेले आणि या वेळी चेहऱ्यावर नीट मोजून उजेड दिला. एक-दोन-तीन-चार. तबकात माझा चेहरा हळूहळू वर आला, खाली पाहणारा, हसरा नाही आणि दुःखीही नाही. बाबांनी काढलेला तो खरंच चांगला फोटो होता.

बस चारची होती. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले, बाळ माझ्याकडे, फोटो जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून कौतिकाबाईच्या काखेत. बाळ माझी वेणी ओढत होतं. झाडाखाली उभ्या असताना ती म्हणाली, "तुले एक सांगतो, आयक. आमच्या गावाले आता तू येजो नोको."

"काऊन, मावशी?" माझ्याही तोंडी तिचीच बोली आली.

"काऊन म्हंजे? हे पोरगी तुले रोज भिंतीवर पायल. तुही माय मेली म्हनून मी तिले सांगन. अन् एक दिवस तू खांद्याले पिशवी लटकवून दारात उभी रायशील. मंग मी तिले काय सांगू?" तिनं बाळ माझ्याकडून घेतलं. बाळानं वेणी सोडली नाही, तर तिनं एक-एक बोट उकलून ती सोडवली. "गुरुजी आले तर येवो. तू नोको. म्हातारी झाली तरी नोको. शबूद दे."

मी दिला. बस आली, ती चढली, खिडकीची जागा मिळाली तरी तिनं मागे वळून पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी बाबा आले. या वेळी मी त्यांना जेवणाआधीच सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग विचारलं, "अन् बाई काय म्हनाली?" मी सांगितलं. "मंग नोको जाऊ," ते म्हणाले. त्यांनी हात धुतले, जेवले, आणि उठताना म्हणाले, "रोल आतापासून मीच भरत जाईन." पुढची पाच-सहा वर्षं ते भरत राहिले. आखडलेल्या बोटांनी पडवीत बसून, फिल्मची जीभ खाचेत बसेना म्हणून अर्धा-अर्धा तास. मी समोर बसलेली असायची आणि त्यांनी एकदाही कॅमेरा माझ्याकडे दिला नाही. मागितलाही नाही मी. त्यांनी मला तेव्हा एक थोबाडीत मारली असती तर आमच्या दोघांचंही आयुष्य जरा सोपं गेलं असतं, असं मला आता वाटतं. ते नवेगावला पुढे दोनदा गेले, एकटेच. भिंतीबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग मीही मास्तरीण झाले. बदल्यांच्या वेळी एकदा नवेगाव बांधाची शाळा मिळत होती, तलाव, वसतिगृह, पक्की सडक. मी सालेकसाकडची जंगलातली शाळा मागून घेतली, आणि सहकाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. शाळेच्या सहली बांधाला निघाल्या की मी रजा टाकायची. नवऱ्याला लग्नानंतर एकदा सांगितलं. तो म्हणाला, "चाळीस मैलांवर बसलेल्या एका बाईला दिलेला शब्द, कोण तपासायला येतंय?" त्याचंही चुकलं नव्हतं. भाचा दर हिवाळ्यात गाडी घेऊन येतो, मावशी चल, पक्षी आलेत, आजोबांच्या कॅमेऱ्यात रोल भरून नेऊ, आजकाल परत मिळतो म्हणे. मी गुडघ्यांचं कारण सांगते. गुडघे खरोखर दुखतात, त्यामुळे खोटंही बोलावं लागत नाही.

या वर्षी त्यानं फारच आग्रह केला. मग मी आरशासमोर बसून नीट विचार केला. कौतिकाबाई आता असणार नाही. वस्तीतले जुने लोकही गेले असतील. माझे केस पांढरे, दात बसवलेले, गाल आत गेलेले. बाबांच्या त्या फोटोतलं माझ्यात काही उरलेलं नाही, माझ्या सख्ख्या बहिणीलाही तो दाखवला तर ती क्षणभर थांबेल. तिथं जाऊन तलाव बघून यायला आता काहीच हरकत नव्हती, कोणी ओळखणार नव्हतं. एक इंदूची मुलगी सोडून. ती आता माझ्या फोटोतल्या वयाच्या दुप्पट झाली असेल, तिला मुलं असतील. पण तिनं तो एकच चेहरा चाळीस वर्षं रोज पाहिला आहे. ती मला ओळखेल. मी भाच्याला फोन करून सांगितलं, तू जाऊन ये.